एकूण किती टक्के?

प्रथम वर्षाच्या इंजिनिअरिंगला गणित शिकवणाऱ्या मॅडमनी यंदा पहिल्याच तासाला एकशेवीस पोरांना कागदावर एक बेरीज घातली. अर्धा अधिक एक तृतीयांश. एकाहत्तर जणांनी लिहिलं, दोन पंचमांश. म्हणजे अर्ध्यात भर घातली की ते अर्ध्याहून कमी होतं, असा या भावी इंजिनिअरांचा शोध. यांनी बांधलेल्या पुलावर आपण पाऊल ठेवणार नाही, असं मॅडमनी मनोमन ठरवलं आणि डेरिव्हेटिव्ह बाजूला ठेवून फळ्यावर अपूर्णांक मांडले.

ही बातमी विभागप्रमुखांच्या कानावर गेली. पोरं त्यांना टक्केसाहेब म्हणत, कारण त्यांच्या तोंडी निकालाच्या टक्क्यांशिवाय दुसरं काही नसे.

"मॅडम, पाचवीचा अभ्यास काय घेता? लोक हसतील आपल्याला."

"हसू देत की. बेरीज येत असेल तर लोकांनी जरूर हसावं."

टक्केसाहेबांनी कागद पुढे सरकवला. गेल्या वर्षीचा गणिताचा निकाल, साठ टक्के. शिक्षक म्हणून खाली मॅडमची सही हवी होती. सकाळच्या तुकडीचे चाळीस टक्के आणि दुपारच्या तुकडीचे ऐंशी टक्के, दोन्ही मिळवून साहेबांनी सरळ दोनाने भागलं होतं.

"सर, सकाळी नव्वद पोरं होती. दुपारी तीसच."

"गणित तुमचं, मॅडम. आकडे माझे."

मॅडम सही न करता उठल्या. दुसऱ्या दिवशी साहेब वही घेऊन त्यांच्या वर्गात शेवटच्या बाकावर येऊन बसले. शिकवण्यातली चूक पकडायची म्हणून आले होते, हे पंख्यालासुद्धा कळत होतं.

मॅडमनी फळ्यावर तेच आकडे लिहिले, दोन्ही तुकड्यांच्या पटसंख्येसकट. नाव कुणाचं घेतलं नाही. "एकूण किती टक्के पास?"

"साठ," अर्धा वर्ग एका सुरात बोलला. साहेबांनी मान डोलावली.

खिडकीजवळची एक मुलगी वही उलटसुलट करत होती. एरवी कधी तोंड न उघडणारी.

"मॅडम, आधी पोरं मोजायला नकोत का? नव्वदातले छत्तीस, तिसातले चोवीस. साठ जण झाले, एकशेवीसपैकी."

"मग?"

"निम्मेच की. पन्नास टक्के."

वर्गात कुजबुज झाली. साहेबांना तेवढ्यात फोन आला, निदान त्यांनी तो कानाला तरी लावला, आणि ते निघून गेले. कान तेवढे लाल झाले होते.

साहेबांची लाज फार टिकली नाही. अहवाल साठ टक्क्यांनीच गेला. सही एका नव्या, घाबरट प्राध्यापकाकडून घेतली. मॅडमचा अपूर्णांकांचा तास सकाळी साडेसातला टाकला, म्हणजे कुणी फिरकणारच नाही.

पहिल्या सोमवारी त्रेचाळीस पोरं आली. केस विस्कटलेले, डोळे अर्धवट मिटलेले. मॅडमना स्वतःचीच थोडी चीड आली. बावीस वर्षं आपण या पोरांच्या डोक्यावरून इंटिग्रल फिरवले आणि नापासांवर नाकं मुरडली. बेरीज येते का, हे मात्र एकदाही विचारलं नाही. टक्केसाहेबांसारखेच आपणही.

"छेद सारखा का करायचा, कुणी सांगेल?"

मॅडमनी खडू उचलला आणि फळ्यावर एक सरळ पट्टी काढून तिचे सहा सारखे भाग केले.