झेंडूच्या माळेखालचा आकडा

खंडेनवमीला अंबडच्या त्या स्प्रिंगच्या कारखान्यात दरवर्षी हार पडायचे ते मशिनींना. यंदा मान होता पांढऱ्या पडद्याचा! प्रोजेक्टरला कुंकू, माउसला अक्षता आणि पडद्याच्या खालच्या कडेला चांगली वीतभर जाड झेंडूची माळ. ती नेमकी कुठं बांधायची, हे स्वतः उद्योगानंद महाराजांनी उभं राहून सांगितलं होतं.

महाराज त्र्यंबकेश्वराकडचे म्हणे. हातात कमंडलू नाही, लॅपटॉप.

"डोळे मिटा! म्हणा, ओम उत्पादनाय नमः!"

सगळा कारखाना गरजला. महाराजांनी माउस दाबला आणि झेंडूतून एक हिरवी रेषा निघाली ती थेट ब्रह्मगिरीसारखी वर चढली.

"पाहिलंत? मागच्या आठवड्यात तुम्ही जप सुरू केलात आणि उत्पादन आकाशाला भिडलं! ही हातांची करामत नव्हे, नादशक्ती आहे. मग जे हातांनी केलंच नाही, त्याची पगारवाढ मागायची कशी, बाळांनो?"

"अगं बाई, लयच वर गेली की!" पॅकिंगच्या कुसाबाईंनी हात जोडले.

मागं उभ्या तेजस्विनीचा जीव मात्र वरखाली होत होता. ती पंचवटीतल्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. पूजेला आली होती ती नानांबरोबर. तिचे वडील कारभारी नाना म्हणजे कामगारांचे पुढारी. आरती झाली की ते मालकांसमोर करारावर सही करणार होते: तीन वर्षं पगारवाढ नाही आणि जेवणाच्या सुट्टीत रोज जप. वाढीसाठी वर्षभर भांडलेला हा माणूस एका रेषेपुढं विरघळला होता.

"नाना, सही करू नका."

"तेजू, डोळ्यांनी बघितलं मी. उगाच भांडत होतो गं मालकाशी. लाज वाटती."

त्यांचा पडलेला चेहरा बघून तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. ती तडक पुढं गेली.

"महाराज, ही रेषा सुरू कुठून होते?"

"श्रद्धेपासून, बेटा!"

"आणि आकड्यात?"

"आकडे ही माया आहे."

तेजस्विनीनं सरळ माळेची गाठ सोडायला घेतली.

"ए पोरी, देवाचा हार हे तो!" कुसाबाई ओरडल्या.

"मावशी, परत घालते. फक्त खाली काय आहे ते बघू."

खाली आकडा होता तीनशे चाळीस. रेषेच्या टोकाशी तीनशे पंचेचाळीस.

"तासाला एका मशिनीवर किती स्प्रिंगा निघतात, त्याचा हा आलेख. हा अख्खा डोंगर पाच स्प्रिंगांचा आहे!" तिनं माउस घेतला, आकड्यांची उभी पट्टी शून्यापासून सुरू केली. डोंगर आडवा झाला. कुणीतरी फिसकन हसलं.

"हात्तिच्या!" कुसाबाई म्हणाल्या. "त्या आठवड्यात लाइट गेली नाय, म्हणून निघाल्या त्या पाच!"

"यंत्र कोपेल!" महाराज म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

"आता ही खालची तारखांची खूण सरकवली की मागची वर्षंही दिसतात. महाराजांनी जपाचेच दिवस उघडे ठेवले होते." तिनं खूण दहा वर्षं मागं नेली. शेजारी 'पगार' लिहिलेला रिकामा चौकोन होता. त्यावर टिचकी मारली. "पगारातून महागाई ऑफिसनंच वजा केलेली आहे. दहा वर्षांपूर्वीचं उत्पादन आणि पगार दोन्ही शंभर धरू, म्हणजे रेषा एकाच जागेवरून निघतील."

हिरवी रेषा चढत चढत दोनशेला पोचली. पगाराची केशरी रेषा जमिनीलगतच रांगत राहिली. त्या वर्षांत कुणी जप केला नव्हता.

"ही वाढ मग कुणी केली?" नानांनी विचारलं.

"तुम्ही सगळ्यांनी, नाना." ती गर्दीकडं वळली. "चित्र कितीही उंच दिसू दे. हात जोडायच्या आधी विचारा, मोजायला सुरुवात कुठून केली आणि झाकलंय काय. विचारल्यानं कुठलाही खरा देव रागावत नाही."

नानांनी पेनाला टोपण लावलं आणि ते मालकांकडं वळले. "साहेब, पडदा चालूच ठेवा. त्याच्याकडं बघत बोलू पगारवाढीचं." मग माळ उचलून त्यांनी आपल्या जुन्या मशिनीला घातली आणि तिच्यावर क्षणभर हात ठेवून उभे राहिले.

महाराज वायर गुंडाळत होते. कुसाबाईंनी त्यांच्या हातावर प्रसादाचा पेढा ठेवला, तोही अर्धा.

"धरा महाराज. डोळ्याला लावून बघा, लय मोठा दिसंल."