चुकलेला टाका

दर्याने विल्फ्रेडला अकराव्या दिवशी परत दिलं, पण चेहरा ठेवून घेतला. हेस्टर रॅगने भाऊ ओळखला तो स्वेटरवरून. डाव्या मनगटाशी विणताना तिचा एक टाका चुकला होता आणि उसवायचा तिने कंटाळा केला होता.

त्यावर तिने चार ओळी लिहिल्या:

विणिते मी बाही खिडकीशी बसून,
चुकला जो टाका, ठेविते जपून;
दर्या देईल रे तुला परतून,
त्याच टाक्यावरून घेईन ओळखून.

तिने लिहिलेल्या दोन कादंबऱ्या व्हिटबी गावच्या दुकानात धूळ खात पडल्या. पोट चाललं ते नॉर्वेच्या कादंबऱ्या इंग्रजीत आणून. बारा वर्षांमागे तिने तिथल्या स्कोगेन या लेखकाची कादंबरी अनुवादाला घेतली. तीत एक म्हातारी चुलीपाशी गाणं म्हणते, ते मुळात अगदीच पाणचट होतं. हेस्टरने ते गाळलं आणि गुपचूप आपल्या चार ओळी तिथे ठेवल्या. कुणाचं लक्ष जाणार होतं?

सगळ्यांचं गेलं. इंग्लंडभर त्या ओळी पाठ झाल्या. स्कोगेनच्या म्हणून.

आता अठ्ठावन्नाव्या वर्षी तिने आपल्या कवितांचं पहिलं पुस्तक लंडनला नेलं. पहिल्याच पानावर विल्फ्रेडच्या त्या चार ओळी होत्या.

"मिस रॅग, हे तर स्कोगेनचं," त्या अनुवादाचेही प्रकाशक असलेले ट्रेलॉनी चष्मा पुसत म्हणाले.

"माझं आहे. त्यांचं पाणचट होतं, म्हणून मी घातलं."

"म्हणजे अनुवादात लबाडी केलीत?"

तिने वही त्यांच्यापुढे सरकवली.

"हे तुमचं आहे, असं स्कोगेनकडून लिहून आणा, मग छापू," ते म्हणाले. "नाहीतर सगळं पुस्तकच संशयात जाईल."

तिने स्कोगेनला पत्र घातलं. तीन आठवडे घरातली भावजय, विल्फ्रेडची विधवा डॉर्कस, सकाळी मासे भाजता भाजता टोमणे मारत होती.

"आलं का गं तुझ्या साहेबाचं पत्र?"

"नाही."

"माझ्या नवऱ्याचं मरण परक्याच्या घरी ठेवायला दिलंस, आता पावती मागतेस होय?"



स्कोगेनचं उत्तर आलं, तेही मोठ्या प्रेमाने लिहिलेलं. 'बाई, दमलेल्या माणसाला असे भास होतात. ते गाणं मी आईच्या तोंडून ऐकलंय. कादंबरीच्या नव्या आवृत्तीत ते नीट बसवलंय. अनुवाद तुम्हीच करावा, असं ट्रेलॉनींना कळवलंय.' सोबत ती नवी आवृत्ती होती.

कवितांची वही टपालाने परत आली. वर ट्रेलॉनींची चिठ्ठी: नव्या आवृत्तीचा अनुवाद नाताळपूर्वी हवा, आणि या खेपेला शब्दाला शब्द.

तिने म्हातारीचं पान काढलं. स्कोगेनने तिच्याच ओळी नॉर्वेच्या भाषेत नेल्या होत्या, पण सुधारून. त्याची म्हातारी कधी चुकत नव्हती. एकेक टाका मोत्यासारखा, आणि दर्या लाजून भाऊ परत देतो.

"काय लिहिलंय?" डॉर्कसने विचारलं.

"बाही बिनचूक विणली, असं."

डॉर्कस तव्यावरचा मासा उलटायची थांबली. "मग तो ओळखायचा कशावरून?"

हेस्टरने लेखणी शाईत बुडवली. जन्मात पहिल्यांदाच तिने एकही शब्द इकडचा तिकडे केला नाही. टाक्याला टाका जोडत गेली. पान संपलं तेव्हा त्या स्वेटरात कुणीही असू शकलं असतं.