ज्याच्या हाती शंकू

मित्रांनो, मी एक जुना लाकडी शंकू आहे. भूमितीच्या पुस्तकातला नव्हे. तो बिचारा कागदावरच जन्म काढतो, त्याला कुणाच्या तळहाताचा घाम ठाऊक नाही. मी दोरखंडाच्या कारखान्यातला. वीतभर लांब, एका बाजूला निमुळता, आणि अंगावर तीन खोल खाचा. तागाचे तीन पेड या खाचांतून जातात, माझ्या निमुळत्या टोकाशी एकत्र येतात आणि त्यांचा दोर होतो. मी नसलो तर तेच पेड वाटेल तिथे एकमेकांच्या गळ्यात पडतात, आणि होतो तो निव्वळ गुंता. एवढ्यावरून मला गर्व झाला असेल असं तुम्ही म्हणाल. झालाच होता, खोटं कशाला बोलू?

मला आजोबांनी घडवलं, सगळे त्यांना आजोबाच म्हणत. कारखाना त्यांनीच उभारलेला: शंभर पावलं लांबीची पत्र्याची शेड, एका टोकाला पेडांना पीळ देणारं मोठं चाक, दुसऱ्या टोकाला दोर अडकवायचा लोखंडी आकडा. पीळ बसत गेला की मी आकड्याकडून चाकाकडे सरकू लागतो. मला हातात धरून कुणीतरी सोबत चालावं लागतं. सैल धरलं तर दोर पोकळ होतो, आवळून धरलं तर त्याला गाठी पडतात.

आजोबांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. काम चालू असताना शंकू ज्याच्या हाती, शब्द त्याचा. तो "थांब" म्हणाला की चाक थांबायचं. दुसऱ्या कुणी, अगदी मालकानेही, मधे तोंड घालायचं नाही. पण दोर पुरा झाला की सगळ्यांनी भिंतीजवळच्या बाकावर बसायचं आणि शंकू धरणाऱ्याच्या चुका काढायच्या. सर्वांत नव्या माणसाने आधी बोलायचं, आणि धरणाऱ्याने मुकाट ऐकायचं. एकदा जेमतेम दोन दिवसांपूर्वी कामाला लागलेल्या एका बाईने आजोबांना सुनावलं, "तुम्ही चालताना गुणगुणता, आणि ताल धरायला पावलं जलद टाकता." आजोबांनी कान पकडले. गुणगुणणं मात्र सोडलं नाही, फक्त ताल संथ केला. तो मला अजून आठवतो आणि जीव कासावीस होतो.

आजोबांनंतर मी काकांच्या हाती आलो. काका म्हणजे त्यांचा मुलगा. हात बापासारखाच, पण स्वभावाने ताठ. एके दिवशी दोर न्यायला आलेल्या पाहुण्यांसमोर चाकवाले तात्या बाकावरून म्हणाले, "दादा, आज मधला पीळ सैल पडला. तुमचं चित्त थाऱ्यावर नव्हतं." बोलणं शंभर टक्के खरं होतं. काकांचा चेहरा लालबुंद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर दोरांची वेटोळी रचलेली दिसली. बसायला जागाच नाही म्हटल्यावर कोण बसणार? कुणी काही विचारलं नाही. अशा रीतीने आजोबांच्या नियमाचा अर्धा भाग गेला आणि शब्द चालवण्याचा सोयीचा अर्धा भाग तीस वर्षं टिकला. मला तोंड असतं तरी मी गप्पच बसलो असतो, कारण या व्यवस्थेत माझाही मान वाढला होता.

काकांची पुतणी शेडमध्ये काम शिकायला आली तेव्हा ती सगळ्यांत लहान, म्हणून तिचं नाव बारकी पडलं ते पडलंच. तिने विचारलं, "काका, तुम्हीच का थांब म्हणायचं? आम्हाला दिसलं तर?"

"मी सांगतो म्हणून," काका म्हणाले.

असं तीनदा झालं. चौथ्यांदा तिने विचारलंच नाही. ते मला जास्त लागलं.

पुढे काकांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि कारखाना बारकीकडे आला. शेडमधली सहा माणसं कुणापुढे मान खाली न घालता, आनंदाने एकत्र राहावीत, एवढंच तिला हवं होतं. तिने मला एका छोट्या गाड्यावर स्क्रूने बसवलं. पिळाच्या जोरावर गाडा आपोआप सरकायचा. धरणाराच नाही, तर साहेब कोण होणार? "आता ज्याला वाटेल त्याने थांब म्हणावं," तिने जाहीर केलं. काकांनी गाड्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि ते घरी गेले. त्यानंतर आठ महिने त्यांचं पाऊल शेडमध्ये पडलं नाही.

त्या आठ महिन्यांत शेडमध्ये हसणं वाढलं, हे मी नाकारत नाही. पण माझ्याभोवती हात नव्हता. स्क्रू घट्ट होते, पण त्यांना ऊब नव्हती. कुणी तरी मला धरावं, माझ्यासोबत पावलं टाकावीत, असं रोज वाटायचं.

मग तो दिवस आला. उंच इमारती रंगवणारे ज्या लोंबत्या फळीवर उभे राहतात, तिचा दोर वळायचा होता. अर्ध्यात एका पेडाचा तंतू माझ्या खाचेत अडकला आणि गाडा रुतला. एकजण ओरडला, "थांब!" दुसऱ्याने असा गाडा पूर्वी आपोआप सुटलेला पाहिला होता. तो म्हणाला, "चालू दे, सुटेल!" तिसरीने "हळू, हळू!" लावलं. तात्या पन्नास पावलांवर चाकाशी. त्यांनी ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकलं आणि चाक फिरवलं. पेड तुटला. त्याचा शेंडा चाबकासारखा आला आणि गाड्याजवळ उभ्या बारकीचा हात कोपरापासून मनगटापर्यंत सोलून गेला.

मग मात्र सगळे एकाच वेळी बोलले. जो तो दुसऱ्यावर खापर फोडत होता. दोघांनी डबे उचलले. "इथे कुणाचं ऐकायचं तेच कळत नाही," एक म्हणाला. "उद्या येऊ की नाही, सांगवत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकीने मला गाड्यावरून सोडवलं, फडक्यात गुंडाळलं आणि काकांचं घर गाठलं. काकांच्या जिभेवर "मी म्हणत नव्हतो?" अगदी तयार होतं. पण त्यांनी तिच्या हाताची पट्टी पाहिली आणि ते गिळलं.

"काका, माणसं चाललीत माझी," ती म्हणाली. "एकानेच थांब का म्हणायचं, ते सांगा. आणि 'मी सांगतो म्हणून' नको."

"पेड जुळतात ती जागा फक्त धरणाऱ्याला दिसते. आणि काही बिघडलं तर दिसायच्या आधी त्याच्या तळव्याला कळतं," काका म्हणाले. "चाकापाशी काहीच कळत नाही. तिथे एकच शब्द पोचायला हवा."

"एवढंच? मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

काकांनी माझ्या खाचांवरून अंगठा फिरवला. "सांगितलं असतं तर तू पुढचं विचारलं असतंस. धरणाऱ्याचं चुकलं तर त्याला कोण सांगणार? त्याचं उत्तर होतं गं. माझ्या वडिलांनी देऊन ठेवलं होतं. मीच त्याच्यावर वेटोळी रचली." आणि त्यांनी तिला बाकाची सगळी हकिगत सांगितली, स्वतःला एका शब्दानेही न वाचवता.

त्याच दुपारी बारकीने बाक मोकळा केला. काठी टेकत काकाही आले, पण आत न येता दारातच उभे राहिले. डबा उचललेल्या दोघांपैकी एकजण आला होता. दुसरा आला नाही, तो पुन्हा कधीच आला नाही. बारकीने दुखऱ्या हाताने मला धरलं. नवखी पकड. पण हात होता! ती दोनदा "थांब" म्हणाली, आणि दोन्ही वेळा चाक जागच्या जागी थांबलं.

दोर पुरा झाला. सगळे बाकावर बसले आणि जमिनीकडे बघू लागले. मालकिणीला बोलायचं कुणी? शेवटी नव्यांना धीर होईना म्हणून तात्यांनीच सुरुवात केली. "दुसरं थांब उशिरा आलं. तू काकांकडे बघत होतीस."

बारकीचे कान लाल झाले. तोच घराण्याचा रंग! मी धास्तावलो.

"हो," ती म्हणाली. "बघत होते. चुकलं माझं. आणखी?"

मग सगळ्यांना कंठ फुटला. पकडीपासून पावलांपर्यंत त्यांनी तिचं काही शिल्लक ठेवलं नाही, आणि ती ऐकत राहिली. दारात काकांनी उपरण्याने डोळे पुसले. "तात्या," ते हळूच म्हणाले, "तेव्हा एवढं एक 'हो' मला म्हणता आलं असतं, तर किती बरं झालं असतं."

मित्रांनो, जुनी गोष्ट मोडायची तर खुशाल मोडा, पण ज्याला तिचं कारण ठाऊक आहे त्याला आधी गाठा आणि पुरतं विचारा. आणि तुमच्या हाती कधी शब्द आला, तर "का?" विचारणाऱ्या लहानग्याला टाळू नका. मला ठाऊक होतं सगळं, पण तोंड नव्हतं. काकांना तोंड होतं. आम्ही दोघांनी मिळून तीस वर्षं वाया घालवली.