चौथी सुई

"टोचा ना सिस्टर, कशाची वाट पाहून राह्यल्या?" इंद्रभान म्हणाला.

शिवकन्येनं औषधाची कुपी मुठीत धरली होती. औषध तेलकट होतं, थंडीत घट्ट व्हायचं. म्हणून आधी मुठीची ऊब द्यायची, मग जाड सुई लावायची आणि सावकाश दट्ट्या दाबायचा. श्रावणात इंद्रभानच्या आईचं, आसराबाईचं, बांधावरून पडून खुब्याचं हाड मोडलं. जालन्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून सळई बसवली आणि चिठ्ठीवर सहा सुया लिहून दिल्या, दर तीन आठवड्यांनी एक. भोकरदनजवळच्या या गावात नर्स एकच, शिवकन्या. आज चौथी सुई होती.

तीन सुयांनी काम चोख केलं होतं. दवाखान्यातून आली तेव्हा आसराबाईच्या मांडीवर नुसती कातडी लोंबत होती. आता मांस भरलं होतं आणि म्हातारी काठी टेकत अंगणभर फिरत होती. पंधरा दिवसांनी कळप अंकुशनगरकडं निघायचा होता, ऊस तुटलेल्या रानात मेंढरं बसवायला. कळपापुढं चालायचं ते आसराबाईनंच. तिची हाळी ऐकली की तीनशे मेंढरं एका दमात माना वळवायची.

तेवढ्यात मेंढरं शेजारच्या तुरीकडं वळली. आसराबाईनं बाजेवरूनच हाळी दिली. आवाज जाड, फाटका निघाला. एकही मान वळली नाही. तिनं पुन्हा हाळी दिली, तरी मेंढरं तुरीत घुसलीच. शेवटी इंद्रभान पळत गेला, त्यांना हाकलून आला आणि धापा टाकत हसला.

"आये, बाप्यावाणी आवाज झाला की तुव्हा! मेंढरं म्हणत असतील, हा कोण नवा पाटील आला?"

आसराबाईही हसली. पण हसताना तिनं पदर हनुवटीवर ओढून घेतला.

शिवकन्येचा हात थांबला. तिसऱ्या सुईच्या वेळीच म्हातारीचा घसा बसला होता. 'मिठाच्या गुळण्या करा' असं सांगून तिनं स्वतःच सुई दिली होती.

तिनं हळूच पदर बाजूला केला. हनुवटीवर लाल ठिपके होते. आसराबाईच्या कमरेला, मेंढक्यांकडं असतो तसा, काटे काढायचा चिमटा लोंबत होता.

"मावशी, केस उपटून राह्यल्या का?"

"म्हातारपण है बाई."

"कधीपासून?"

"दुसऱ्या सुईच्या मागून." मग खालच्या आवाजात, "सुनंला नको सांगू."

शिवकन्येनं कुपी पिशवीत ठेवली. "आज सुई न्हाई. डॉक्टरांना विचारून येते."

"आता कुठं पाय चालाया लागला अन् तुम्ही मधीच सोडता? जालन्याचा डॉक्टर येडा है का?"

"डॉक्टर येडे न्हाईत, दादा. पण त्यांनी मावशीचा आवाज ऐकला न्हाई. मी ऐकला. मागच्या बारीलाच ऐकल्ता."

शेवटचं वाक्य ती गिळू शकली असती. तिला कुणी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाच महिन्यांची लेक सासूजवळ ठेवून तिनं जालन्याची बस धरली. दवाखान्यातल्या रांगेत कुणाचं तरी तान्हं रडलं आणि तिचा पान्हा आवरेना. पदराची दुहेरी घडी छातीशी धरून ती दुपारपर्यंत उभी राहिली.

"चिठ्ठीप्रमाणे द्यायचं, सिस्टर. त्यासाठी इथवर कशाला आलात?" डॉक्टर मान वर न करता म्हणाले.

तिनं तिन्ही सुयांच्या तारखा सांगितल्या. आवाज सांगितला, हनुवटी सांगितली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"हे ॲनाबॉलिक स्टिरॉइड. पुरुषी हार्मोनच्या जातीचं. झिजलेलं मांस भरून येतं, म्हणून देतो आपण. पण एखाद्या बाईचा आवाज फुटतो. बंद करा. केस थांबतील. आवाज मात्र परत येईलच असं नाही."

"मग पाय?"

"पायाला आता चालणं हेच औषध. दूध, अंडी, डाळ." थोडं थांबून ते म्हणाले, "आवाजाकडं लक्ष ठेवा, हे मी चिठ्ठीत लिहायला हवं होतं. तिसरी सुई दिली तेव्हा घसा बसला होता?"

"हो. मीच दिली."

संध्याकाळी घरी येऊन तिनं लेकीला पोटभर पाजलं आणि तिला कडेवर घेऊनच आसराबाईचं अंगण गाठलं. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. "आवाज असाच राहील कदाचित, मावशी. तिसरी सुई मी थांबवायला पाहिजे होती. चूक माझी."

इंद्रभान ताडकन उठला. आसराबाईनं हातानंच त्याला खाली बसवलं. दुसरा हात तिनं गळ्यावर ठेवला.

"सुया देणारे लई पाह्यले मी," ती त्या जाड आवाजात म्हणाली. "गुण आला तर त्याहिचा हात, न्हाई आला तर आपलं नशीब. चूक माझी म्हणणारी तूच पैली." मग तिनं हात पुढं केले. "आण ती पोरगी हिकडं. दिसभर उपाशी ठिवली व्हय गं माझ्यापायी?"

पंधरा दिवसांनी सकाळी कळप आरोग्य उपकेंद्रावरून निघाला. लेकीला घेऊन शिवकन्या दारात आली. पुढं आसराबाई होती. काठी टेकत, जरा लंगडत, पण ताठ. हाळी मात्र तिच्या मागून आली. तिची सून आशाबाई हाळी देत होती, लाजत, चोरट्या आवाजात. मेंढरं रस्ताभर पांगली.

"वर ने," आसराबाई मागं न पाहता म्हणाली. "आजून वर. लाजती कुणाला?"

आशाबाईनं डोळे मिटून आवाज वर नेला. बारीक, लांब, स्वच्छ. तीनशे माना वळल्या.

आसराबाई क्षणभर थांबली. मग काठी उचलून तिनं खांद्यावर आडवी टाकली आणि चालू लागली.