नजर चेहऱ्यावर

माझा नवरा क्लाइव्ह होता तोवर मला उचलून तलावाच्या पायऱ्या उतरवायचा. तो गेला आणि दोन उन्हाळे मी क्लबच्या तलावाकडे लांबून बघत बसले. कमरेखाली मला काही जाणवत नाही, पण पाण्यात मी कुणाला हार जात नाही. एकदा पाण्यात उतरायचं होतं, बस्स.

शेवटी आमच्या मंडळींनी माझ्या खुर्चीसाठी थेट पाण्यापर्यंत उतार बांधला. सगळे म्हातारे महिनाभर नुसत्या टोप्या आणि बूट घालून सिमेंट कालवत होते. आमचा क्लबच बिनकपड्यांचा, कपडे फाटकापाशीच काढून ठेवायचे, त्याला काय करणार!

आज उद्घाटन. चाकांच्या खुर्चीवर टॉवेल अंथरून मी निघाले. दोन्ही बाजूंना सगळे उभे, टाळ्या काय, शिट्ट्या काय!

"व्हर्ना, ब्रेक लाव गं, नाहीतर थेट पलीकडच्या काठाला लागशील!" अध्यक्ष रॉल्फ ओरडला.

"तू आधी पोट आत घे, वाट अडलीय!"

सगळे हसले. सगळे माझ्या डोळ्यांत बघत होते.

पाण्याला हात लावणार, तेवढ्यात मागून कुणीतरी किंचाळलं, "अहो बाई, पाय! रक्त!"

नेव्हिल नावाचा नवा माणूस. पहिलाच दिवस, कमरेचा टॉवेल अजून घट्ट धरलेला. मी खाली बघितलं. डावा पाय खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवरून घसरून खरखरीत सिमेंटवर घासत आला होता. अख्ख्या उतारावर लाल रेघ. वीस माणसं उभी होती, एकालाही दिसली नाही!

"आता जखम भरेपर्यंत पाणी नको," रॉल्फ पुटपुटला. "सॉरी, व्हर्ना. आपण खाली बघत नाही ना कधी."

मला सांगतोय! तीस वर्षं फाटकावर बसून प्रत्येक नव्या माणसाला मीच दटावत आले, नजर चेहऱ्यावर ठेवायची, नाहीतर चालू लागा. आणि माझ्या पायाची जखम भरायला महिने लागतात. तोवर उन्हाळा संपेल. एकटा क्लाइव्ह बघायचा, रोज सकाळी पाय मांडीवर घेऊन, बोटन्‌बोट.

नेव्हिलनं कमरेचा टॉवेल सोडून माझ्या पायाला गुंडाळला. गुडघ्यांवर बसून तो पाय नीट निरखत राहिला. मला रडूच आलं. बघ रे बाबा, अजून थोडा वेळ बघ, असं म्हणावंसं वाटलं.

"माफ करा हं," तो ओशाळून म्हणाला. "इथं खाली बघत नाहीत, हे मला माहीत नव्हतं."

आणि त्यानं नजर उचलून माझ्या चेहऱ्यावर ठेवली.