वहीतली चिठ्ठी

कोलकात्याच्या मराठी मंडळाचा कारभार यापुढे इंग्रजीत चालावा, असा ठराव अनीशने आणला आणि अध्यक्ष सुधाताईंची झोपच उडाली. "अहो काकू, अख्खा देश इंग्रजीवर चालतो, मग आपल्या चाळीस घरांनीच कशाला ताणून धरायचं? न्यू टाउनच्या पोरांना आपलं इतिवृत्त वाचता येत नाही." वाचता येत नाही म्हणे! सुधाताईंचा नुसता तिळपापड झाला. महिनाभर त्या घरोघर फिरून ठरावाविरुद्ध मतं गोळा करत होत्या.

खरी धास्ती मात्र घरातच होती. मंडळाची जुनी रीत अशी की, मागच्या सभेचं इतिवृत्त सगळ्यात धाकट्या सभासदाने वहीतून वाचायचं. यंदा धाकटी कोण, तर त्यांचीच नात वृंदा, नुकती अठराची झालेली. मराठी बोलायची झकास, पण वाचायच्या नावाने शंख. अध्यक्षांचीच नात अडखळली, तर ठराव मंजूर झालाच म्हणायचा! शेवटी सुधाताईंनी आदल्या दिवशी सगळं इतिवृत्त इंग्रजी अक्षरांत उतरवलं आणि ती चिठ्ठी गुपचूप वहीत घालून ठेवली.

रविवारी वृंदाने असं खणखणीत वाचलं की टाळ्या पडल्या.

"ऐकलंत?" सुधाताई तोऱ्यात म्हणाल्या. "कोण म्हणतं, आमच्या पोरांना मराठी वाचता येत नाही?"

मग रिवाजाप्रमाणे वही सह्यांसाठी फिरू लागली, आणि सुधाताईंना एकदम आठवलं. अगं बाई, चिठ्ठी! त्यांनी वृंदाकडे पाहिलं. तिचे दोन्ही हात रिकामे होते. अरुणरावांनी चष्मा न लावताच सही ठोकली. शोभाताईंनी शेजारणीशी बोलता बोलता केली. देवा, अनीशनेही तसंच करावं!

अनीशने वही उघडली, चिठ्ठी काढली, शेवटपर्यंत वाचली.

"काकू, अक्षर तुमचंच ना?"

सुधाताईंनी मान खाली घातली. आपली गेली ती गेलीच, पोरीचीही चारचौघांत अब्रू घालवली.

वृंदा उठून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

"आजी, मी महिनाभर तुझ्या मागे लागले होते, मला अक्षरं शिकव म्हणून. तू म्हणालीस, आधी हा ठराव पडू दे, मग बघू."