नाकाशी धरलेला बूट

प्रशिक्षक संग्रामसरांनी पायातला बूट काढला आणि अवनीच्या नाकाशी धरला.

"हुंग! खोल हुंग. मिरगी असो नाहीतर भूत, बुटाच्या वासाने उतरतं."

जयपूरमधल्या प्रताप नगरच्या मैदानावर चारशे मीटरची निवड चाचणी सुरू व्हायची होती. अवनी रेषेपाशीच बसली होती. छाती धरलेली, बोटं आखडलेली. मुलींच्या प्रकृतीकडे बघणारी ट्रेनर मी. पाण्याच्या टाकीकडून धावत पोचले तेव्हा बुटाचा आंबूस दर्प आला, आणि मला बाबांना पाजलेलं लिंबूपाणी आठवलं.

बाबा विमा कंपनीतून निवृत्त होऊन जयपूरलाच राहिले. गेल्या महिन्यात याच मैदानाच्या कडेला फिरताना छाती दाबतेय म्हणाले. मी संघाबरोबर अजमेरला होते. सरांनी त्यांना बाकावर बसवलं, "काका, घबराहट आहे, पॅनिक. लांब श्वास घ्या," म्हणाले आणि लिंबूपाणी पाजलं. तो हृदयविकाराचा झटका होता; बाबा गेले. तिसऱ्या दिवशीच्या शोकबैठकीत सर हे सगळ्यांना सांगत होते: शेवटचं पाणी माझ्या हातचं.

"बूट बाजूला घ्या," मी म्हणाले.

"अगं, ड्रामा आहे."

मी बूट हाताने दूर सारला आणि अवनीसमोर मातीत बसले. बाकीच्या मुलींना पाठ करून उभं राहायला सांगितलं. त्यांच्यातली प्रणाली फोनवर चित्रण करत होती. तिला तो खिशात ठेवायला लावला.

"अवनी, हात धरू?"

तिने मान हलवली. नाडी वेगात, पण नियमित. ओठ निळे नाहीत, छातीत घरघर नाही, अंग तापलेलं नाही. दुखणं हातात किंवा जबड्यात उतरत नव्हतं. दमा नाही, सकाळी पोहे खाल्लेले. मनाचं म्हणण्याआधी शरीराचं एकेक तपासून वगळायचं, हे मला पाठ होतं. तरी 'पॅनिक' हा शब्द जिभेवर येईना.

"ताई, मी... मतलब, मरतेय का?"

"नाही. मी तपासलंय. हा पॅनिक अटॅक वाटतोय. चढतो तसा उतरतो. मी इथून हलणार नाही. तळवे मातीवर टेकव. आता श्वास सोड. सावकाश, गरम चहावर फुंकर घालतेस तसा."

पुन्हा. पुन्हा. बोटं सैल झाली.

"ताई, तो बूट... उलटी येतेय."

मुली पाठमोऱ्याच खिदळल्या. अवनीही रडता रडता हसली. मला हसू आलं नाही.

सर बुटाची नाडी बांधत होते. "निघालं ना पॅनिकच? तुझ्या बाबांनाही मी हेच म्हटलं होतं. आणि हिचं नाव कटलं. एवढी कच्ची पोरगी राज्य स्पर्धेला कशी नेऊ?"

"म्हटलं होतं. तपासलं नव्हतं."

त्यांनी नाडीची गाठ आवळली. "बरं, बाकीच्यांची चाचणी तरी उरकू."

"हिला पहिल्यांदाच झालंय, डॉक्टरांना दाखवायला हवं. मी नेतेय. मैदानावर ट्रेनर नसेल तर चाचणी घेता येत नाही, सर. नियम तुम्हीच भिंतीवर लावलाय. डॉक्टर हो म्हणाले की ही सगळ्यांबरोबर धावेल."

मी प्रथमोपचाराची पिशवी खांद्याला लावली. अवनी माझ्या दंडाला धरून उठली.

"अगं बेटा, इतकं मनाला नाही लावून घ्यायचं," म्हणत त्यांनी माझ्या खांद्यावर थोपटायला हात पुढे केला. मघाशी बूट धरलेला तोच हात.

मी एक पाऊल मागे सरले, आणि आम्ही दोघी फाटकाकडे निघालो.